ग्राफ नको, हापूसच्या मोहोरापासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. ग्रामसभेत हवामान बदलावर बोलायचंय. मागच्या वेळी तापमानवाढीचे ग्राफ दाखवले, जगाची तापमानवाढ दीड डिग्रीच्या आत ठेवायची हे सांगितलं, तर अर्धे लोक उठून गेले आणि एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पाऊस आधी पण असोच होतो." काय उत्तर देऊ?

उत्तर : सर, आजोबांना खोडून काढू नका, कोकणातला पाऊस लहरी होताच. उलट त्यांनाच सगळ्यांसमोर विचारा की तुमच्या तरुणपणी पाऊस कधी थांबायचा, कलमं कधी मोहरायची. ते बोलले की मग तुम्ही सांगा, पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला की जमिनीत ओल राहते, मोहोरासाठी लागणारा पाण्याचा ताण झाडाला बसत नाही, त्यात थंडी उशिरा, मग मोहोराऐवजी पालवी फुटते, आणि नंतर मध्येच कडाक्याची थंडी पडली तर पुन्हा मोहोर येऊन आधी धरलेली बारीक फळं गळतात. हे बागायतदाराला पाठ आहे, लगेच बोलायला लागतील बघा.

दीड डिग्री ऐकून वाटतं एवढा फरक तर सकाळ-दुपारमध्ये पडतो. त्यापेक्षा समुद्राचं सांगा. अरबी समुद्र तापतोय आणि वादळाला ताकद गरम पाण्यातूनच मिळते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ मध्ये तौक्ते, तुमच्याकडे तौक्ते कोण विसरलंय?

पण सर, एक कळकळीने सांगते, एकच वादळ दाखवून 'हा घ्या पुरावा' असं करू नका, हवामानातला बदल तीसेक वर्षांच्या नोंदींत बघायचा असतो. आणि सगळंच हवामान बदलावर ढकलू नका. जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पाऊस प्रचंड होताच, पण वाशिष्ठी नदीत गाळही होता, लोकांना ते माहितीये, तुम्ही लपवलंत तर बाकीचंही खोटं वाटेल.

नुसती भीतीही घालू नका, माणसं गप्प होतात. फळपीक विम्याचं बोला, त्याची भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, मग आपल्या महसूल मंडळातलं, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या गटातलं केंद्र कुठंय, नीट चालतं का, हे गावाने बघायला नको? विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप तिथेच सगळ्यांच्या मोबाईलवर टाकून द्या.

जमलं तर २६ जानेवारीची ग्रामसभा धरा, तेव्हा कलमांवर मोहोर असतो. प्रोजेक्टर शाळेतच राहू दे, सभा झाली की सगळ्यांना जवळच्या बागेत घेऊन जा.