प्रश्न वाचकांचे : तोराह – लेखन, वाचन आणि वाद

ज्यू धर्मग्रंथांविषयी वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंच लांबलं आहे. पण तोराहची चर्मपत्राची गुंडाळी कशी लिहिली जाते हे कळलं की बाकीची उत्तरं सोपी होतात, म्हणून ते तसंच ठेवलं.

प्रश्न : ‘जुना करार’ म्हणजेच ज्यूंचा धर्मग्रंथ ना? मग तोराह, तनाख, तालमूद ही नावं कशाची?

‘जुना करार’ हे ख्रिस्ती नाव आहे. नवा करार मानला तरच आधीचा जुना ठरतो, त्यामुळे ज्यू लोक ते नाव वापरत नाहीत. त्यांचा ग्रंथ तनाख. तोराह, नेव्हीइम (संदेष्टे) आणि केतुव्हीम (इतर लेखन) या तीन विभागांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. पुस्तकं अनुक्रमे ५, ८ आणि ११, म्हणजे एकूण २४. प्रोटेस्टंट बायबलात याच मजकुराची ३९ पुस्तकं होतात, कारण तिथे शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग केलेत, एज्रा आणि नहेम्या वेगळे काढलेत आणि बारा लहान संदेष्टे सुटे मोजलेत. क्रमही निराळा आहे. तनाख ‘इतिहास’ या पुस्तकाने संपतो, ख्रिस्ती जुना करार मलाखीने.

काटेकोर अर्थाने तोराह म्हणजे पहिली पाच पुस्तकं. व्यापक अर्थाने, पिढ्यानपिढ्या चालत आलेली सगळी शिकवण. ग्रीक भाषांतरात या शब्दासाठी ‘कायदा’ हा शब्द आला आणि तोच जगभर रुजला. हिब्रू शब्दाच्या मुळाशी मात्र दिशा दाखवणं, शिकवणं हा अर्थ आहे. ‘कायदा’ एवढंच म्हटलं की निम्मा आशय निसटतो. विश्वाची उत्पत्ती, अब्राहामाचं कुटुंब, इजिप्तमधून सुटका हे सगळं तोराहच आहे. तालमूदविषयी चौथ्या प्रश्नात लिहिलं आहे.

प्रश्न : सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली) तोराह आजही हातानेच लिहितात म्हणे. लिहिणाऱ्याची चूक झाली तर काय करतात?

हो, हातानेच. छापील प्रत अभ्यासाला चालते, पण सार्वजनिक वाचनाच्या विधीला नाही. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. धर्मनियमांनुसार खाण्यास योग्य असलेल्या प्राण्याचं कातडं कमावून चर्मपत्र करतात. त्यावर टोकदार साधनाने, शाई न वापरता, आधी ओळी आखून घ्याव्या लागतात. लेखणी पिसाची किंवा बोरूची. शाई काळीच हवी. मायफळ, डिंक आणि हिराकस यांपासून ती करण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे. प्रचलित मांडणीत रकान्याला ४२ ओळी आणि गुंडाळीत २४५ रकाने असतात. एका चर्मपत्रावर किमान तीन आणि जास्तीत जास्त आठ रकाने. दोन पुस्तकांमध्ये चार ओळी कोऱ्या सोडतात. सगळी चर्मपत्रं प्राण्याच्या स्नायूंच्या दोऱ्याने शिवून दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावतात. पूर्ण गुंडाळीत अक्षरं ३,०४,८०५.

पाठ कितीही पक्का असला तरी सोफेर आठवणीतून लिहीत नाही. समोर तपासलेली प्रत हवी, आणि प्रत्येक शब्द लिहिण्याआधी तोंडाने उच्चारायचा. ईश्वराचं नाव आलं की ते पवित्र हेतूने लिहीत असल्याचं आधी म्हणायचं. हे राहून गेलं तर अक्षर सुबक असूनही उपयोग नाही.

आता चुका. साधी चूक असेल तर शाई वाळू द्यायची, पात्याने खरवडायची आणि पुन्हा लिहायचं. पण यात एक बारीक नियम आहे, आणि नवशिके तिथेच अडकतात : अक्षर लिहूनच घडलं पाहिजे, आजूबाजूचं खरवडून नाही. दालेत आणि रेश ही हिब्रू अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, फक्त दालेतला वर उजवीकडे टोकदार कोपरा असतो. दालेतऐवजी रेश पडलं तर शाई भरून कोपरा काढता येतो, कारण ते लिहिणंच झालं. उलट, रेशऐवजी दालेत पडलं तर नुसता कोपरा खरवडून भागत नाही. अक्षर मोडून पुन्हा लिहावं लागतं. हा फरक किती मोठा ठरू शकतो बघा. ‘परमेश्वर एकच आहे’ या वचनातल्या ‘एखाद’ (एक) शब्दात शेवटी दालेतऐवजी रेश वाचलं तर ‘अखेर’ म्हणजे ‘दुसरा’ असा शब्द होतो. त्या ठिकाणी दालेत मुद्दाम मोठं काढतात.

ईश्वराच्या नावात चूक झाली तर मात्र खरवडता येत नाही. ते नाव पुसायला मनाई आहे, म्हणून ते चर्मपत्रच बाजूला ठेवून नवं लिहितात. अनेक दिवसांचं काम वाया जातं, म्हणून या जागी हात सर्वात सावकाश चालतो.

प्रत्येक अक्षराभोवती कोरी जागा हवी. दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तर गुंडाळी वाचनाला अयोग्य ठरते. अक्षरांचे आकार बिघडले नसतील तर मधला जोड खरवडता येतो. एखाद्या अक्षराच्या आकाराविषयी शंका आली तर फार हुशार नाही आणि फार मंदही नाही अशा लहान मुलाला ते वाचायला सांगतात. मोठा माणूस संदर्भावरून शब्द ओळखतो, मूल समोरचं अक्षरच वाचतं. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. मात्र चिकटलेल्या अक्षरांना मुलाची साक्ष लागू होत नाही.

जुन्या गुंडाळ्यांचा खरा शत्रू म्हणजे उघडमीट. चर्मपत्र वळलं की जाड बसलेली शाई तडकते, टवके उडतात. आज संगणकावर स्कॅन करून गळलेली किंवा जादा अक्षरं सापडतात, पण आकार पाहायला माणसाचाच डोळा लागतो. तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या पेट्या) आणि मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचा लेख) यांच्या लहान पट्ट्यांचा नियम याहून कडक आहे. तिथे अक्षरं क्रमानेच लिहिली पाहिजेत, त्यामुळे गळलेलं अक्षर मागाहून घालता येत नाही.

प्रश्न : वाचणारा काना-मात्रांशिवाय कसा वाचतो? आणि वाचताना चूक सापडली तर?

गुंडाळीत स्वरचिन्हंही नसतात आणि गायनाची चिन्हंही नसतात. ती वाचकाने आधीच पाठ करायची. त्यासाठी ‘तिक्कून’ नावाचं पुस्तक मिळतं : एका रकान्यात सगळ्या चिन्हांसह मजकूर, शेजारी गुंडाळीत असतो तसा उघडा. पहिल्यावर तयारी करून दुसऱ्यावर स्वतःला तपासायचं. नवखे वाचक सूर घोटतात आणि उच्चाराकडे दुर्लक्ष करतात. खरं तर उच्चार आधी पक्का हवा, कारण अर्थ बदलणारा उच्चार झाला तर तिथेच थांबवून शब्द पुन्हा वाचायला लावतात.

वाचन सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी होतं. त्याला दहा जणांचा कोरम लागतो. शनिवारी सकाळी सात जणांना बोलावतात, सोमवारी-गुरुवारी तिघांना; प्रत्येकाच्या वाट्याला किमान तीन वचनं. ५४ भागांचं हे पारायण वर्षभरात पूर्ण होतं आणि सिमखात तोराह या सणाच्या दिवशी शेवट वाचून लगेच पुन्हा आरंभ करतात. बोटाने स्पर्श करत नाहीत. ‘याद’ नावाची, टोकाला हाताची आकृती असलेली कांडी वापरतात.

वाचता वाचता गुंडाळीत बाधक चूक दिसली तर ती बंद करून दुसरी काढतात. सदोष गुंडाळीला वरून पट्टा बांधण्याची प्रथा आहे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चुकून उचलणार नाही. दुरुस्तीशिवाय ती ३० दिवसांहून जास्त ठेवू नये, असं तालमूद सांगतं.

प्रश्न : ‘डोळ्याबद्दल डोळा’ असं तोराहमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. ज्यू ते शब्दशः पाळतात का?

नाही. अक्षर इतकं जपणारा समाज अर्थ मात्र एकट्या अक्षरावर सोडत नाही, हे इथे दिसतं. तोराह दोन आहेत, लिखित आणि मौखिक, असं परंपरा मानते. शब्बाथला काम करू नये असं लिखित तोराह सांगते. काम म्हणजे काय, ते ३९ प्रकारांत मौखिक तोराह मांडते. हे मौखिक ज्ञान इ. स. २००च्या सुमारास रब्बी (धर्मगुरू) यहुदा हनासी यांनी ‘मिश्ना’त संकलित केलं : ६ विभाग, ६३ प्रकरणग्रंथ. मिश्नावरची पुढच्या शतकांतली चर्चा म्हणजे गेमारा, आणि दोन्ही मिळून तालमूद.

‘डोळ्याबद्दल डोळा’ याची चर्चा तालमूदच्या बावा कामा या ग्रंथात आहे. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कोणता डोळा काढणार, असा प्रश्न तिथे येतो. निष्कर्ष : भरपाई पैशांत. तीही पाच बाबींची – शरीराचं नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अपमान. हे केवळ मवाळ केलेलं वाचन नाही. पाच बाबी मोजून देणं हा कितीतरी अधिक नेमका न्याय आहे.

तालमूद वाचायला घेणाऱ्यांची नेहमीची गफलत म्हणजे मधलंच एक वाक्य उचलून ‘तालमूद असं म्हणतो’ असं सांगणं. तिथे फेटाळलेली मतंही जपून ठेवलेली असतात, कारण पुढच्या काळात त्यांची गरज पडू शकते. आचरणाचा निर्णय पाहायचा तर योसेफ कारो यांचा ‘शुलखान आरूख’ हा धर्मनियमांचा संग्रह आणि त्यावरच्या मोशे इस्सर्लिस यांच्या टिपा पाहाव्यात. सुरुवात करायची तर बावा मेत्सिया ग्रंथाचा दुसरा अध्याय घ्या; सापडलेली वस्तू कधी ठेवावी आणि कधी मालक शोधावा, हा विषय कुणालाही कळतो. तालमूदच्या छापील पानावर मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी (१०४०–११०५) यांचं भाष्य, बाहेर तोसाफोत, म्हणजे राशींनंतरच्या विद्वानांची टिपणं. आधी मूळ, मग राशी, आणि सोबतीला वाद घालणारा जोडीदार. अशा जोडीला ‘खाव्रुता’ म्हणतात. रोज एक पान या हिशोबाने २,७११ पानं साडेसात वर्षांत होतात. हा ‘दाफ योमी’ उपक्रम १९२३ साली रब्बी मेइर शापिरो यांच्या प्रस्तावातून सुरू झाला.

प्रश्न : फाटलेल्या धर्मग्रंथाचं काय करतात? मोबाइलवरचं ईश्वराचं नाव पुसता येतं का?

पडद्यावरची अक्षरं कायमचं लिखाण मानली जात नाहीत, म्हणून ती पुसायला हरकत नाही, असं बहुतेक धर्मपंडितांचं मत आहे. कागदावर हिब्रूत लिहिलेलं किंवा छापलेलं नाव मात्र कचऱ्यात टाकत नाहीत. असे कागद ‘गेनिझा’त, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, साठवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधली अशी खोली शतकानुशतकं रिकामीच केली गेली नाही. १८९६-९७ मध्ये अभ्यासक सोलोमन शेख्तर यांनी तिथून केंब्रिजला नेलेल्या साठ्यात धर्मग्रंथांच्या तुकड्यांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रं, हिशोब आणि विवाहाचे करारही निघाले. जीर्ण तोराहसाठी तालमूदची सूचना वेगळी आहे : ती मातीच्या भांड्यात ठेवून विद्वानाच्या शेजारी पुरावी.