खालची दाढ काढताना जोर कसा लावायचा
मनगटाचा झटका देऊ नकोस. आधी एक्स-रेवर मुळांचा बाक बघ. फोर्सेपची (दात पकडायच्या चिमट्याची) टोकं हिरडीखाली, दोन मुळांच्या फाट्यापर्यंत दाबून बसव, मगच दाढ गालाकडे आणि जिभेकडे सावकाश कलव. प्रत्येक बाजूला क्षणभर थांब, हाड पसरायला वेळ लागतो. शेवटच्या दाढांना गालाकडचं हाड जाड असतं, त्या जिभेकडे लवकर सैल होतात. पिळू नकोस, मुळं दोन आहेत.

दुसऱ्या हाताने जबडा खालून घट्ट धर. हे मी पुन्हा पुन्हा बजावते, कारण आधार सुटला की सगळा ताण कानापुढच्या सांध्यावर जातो. एलिव्हेटरला (दात उचकटायच्या तरफेला) शेजारच्या दाढेचा टेकू नको. तरीही दाढ हलत नसेल, तर जोर न वाढवता बरने (ड्रिलच्या फिरत्या कापणाऱ्या टोकाने) मुळं वेगळी कर.