बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस राहिला. आता लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतील का?

नाही. दीड आणि अडीच महिन्यांना दिलेले डोस वाया गेलेले नाहीत, ते बाळाच्या खात्यावर जमा आहेत. बाळ पाच महिन्यांचं आहे, तर जो राहिलाय तेवढाच डोस द्यायचा आणि पुढे चालू ठेवायचं. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, जास्त झालं तर चालतं. मी आरोग्य सेविका म्हणून मराठवाड्यात नोकरी केली. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची आणि पोरांचे दोन-दोन डोस राहिलेले असायचे. आम्ही कोणालाच पहिल्यापासून सुरू केलं नाही, तसा नियमच नाही.

माहेरी जाऊन राहिलात म्हणून डोस चुकला, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी लक्षात ठेवा, लसीकरणाचं कार्ड सोबत असलं की कुठल्याही उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात लस फुकट मिळते. तुम्ही तिथले रहिवासी असायला हवं असं काही नाही. गावातल्या आशाताईंना विचारलं की सत्राचा दिवस कळतो.

साडेतीन महिन्यांच्या डोसात तोंडावाटे पोलिओ आणि जुलाबावरची रोटा, एका मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), दुसऱ्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर पोलिओचं छोटं इंजेक्शन असतं. म्हणजे एका दिवशी तीन सुया. अडीच महिन्यांना एकच असते, म्हणून तो डोस सोपा वाटतो आणि साडेतीनला घरची मंडळी बिचकतात. सासूबाईंना सांगा, तिन्ही एकाच दिवशी घेतल्याने बाळाला अपाय होत नाही. "आज एक द्या, बाकी पुढच्या महिन्यात" असं म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या बहुतेक वेळा राहूनच जातात.

सर्दीचं म्हणाल, तर साधं नाक वाहत असेल, किरकोळ खोकला असेल, तरी लस द्यायची. जोराचा ताप असेल किंवा बाळ खरंच आजारी असेल तर थांबायचं. मागच्या डोसानंतर झटके आले असतील किंवा अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, तर ते मात्र सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

आनंदाची गोष्ट म्हणजे, आता डोस घेतलात तर नऊ महिन्यांचा डोस पुढे सरकत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यालाच घ्या.

खासगीत जावं का? "न दुखणारी" म्हणून जी महाग लस मिळते, तिने ताप आणि सूज कमी येते एवढंच. सरकारी पेंटाही तेच पाच आजार रोखते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर. परवडत असेल तर खुशाल घ्या, नसेल तर मनाला लावून घेऊ नका. कांजिण्या, टायफॉइड अशा काही लसींसाठी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जावं लागतं, पण आधी सरकारी वेळापत्रक पुरं करा.

मला खरी काळजी वाटते ती नवव्या महिन्यानंतरची. मग मोठा खंड पडतो, मूल चालायला लागतं, कार्ड कपाटात जातं. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओ असतात, आणि तिथेच आयांना विसर पडतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, तसंच मालेगाव-भिवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं कितीतरी निघाली. गोवर हा अंगावर पुरळ येऊन जाणारा साधा आजार नाही, न्यूमोनिया होऊन त्यात मुलं दगावतात.

त्यानंतर त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच-सहा वर्षांना, आणि टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. टीडीची आठवण तर बहुतेक पालकांना धनुर्वाताची सुई घ्यायची वेळ आल्यावरच होते.

या आठवड्यात जे सत्र असेल तिथे जा. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा आणि तापाच्या औषधाचा डोस बाळाच्या वजनाप्रमाणे सिस्टरकडून लिहून घ्या. कार्डाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा, पाचव्या वर्षापर्यंत ते कोणाच्या तरी हातून हरवतंच. हरवलं तरी घाबरू नका, जिथे लस घेतली तिथल्या नोंदवहीतून ते परत भरून मिळतं.