सत्कार आवरा, परिषद वाचवा

दिवाळी सरली की संस्थांना नेतृत्व परिषदेचे वेध लागतात. हॉल ठरतो, फ्लेक्स छापायला जातो आणि मग कुणाला तरी आठवतं की दिवसभर करायचं काय, ते ठरलेलंच नाही. या वेळचे बरेचसे प्रश्न तिथलेच आहेत.

प्रश्न : जिल्ह्यातल्या पतसंस्थांच्या संचालकांसाठी एक दिवसाची नेतृत्व परिषद घेतोय. दोनशे जण येतील. गेल्या खेपेला दहाचं उद्घाटन साडेबाराला आटोपलं आणि मूळ विषय राहूनच गेला. पालकमंत्र्यांना तर बोलवावंच लागतं. काय करावं? (सचिव, सातारा जिल्हा)

पालकमंत्र्यांना जरूर बोलवा, फक्त सकाळी बोलवू नका. त्यांना दुपारी साडेबाराची, म्हणजे जेवणाच्या जरा आधीची वेळ द्या. त्यांच्या स्वीय सहायकांना आधीच सांगून ठेवा की साहेब आले की चालू सत्र तिथेच थांबवू आणि त्यांना ऐकू. उशीर झाला तरी कुणी ताटकळत बसत नाही, आणि साहेबांनाही भरलेलं सभागृह मिळतं. सकाळी दहाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता उद्घाटनाचा हिशोब मांडा. व्यासपीठावर अकरा मान्यवर असतील, तर नाव पुकारणं, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फोटोसाठी थांबणं यात एकेकाची दोन मिनिटं धरा. झाली बावीस मिनिटं. त्यावर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही’ असं म्हणून सुरू होणारा भलामोठा परिचय. तास असाच जातो. व्यासपीठावर तीनच खुर्च्या ठेवा. बाकीचे मान्यवर पहिल्या रांगेत बसतील आणि त्यांचं स्वागत एकत्रच, टाळ्यांनी होईल. रुसवेफुगवे होतात, नाही असं नाही. म्हणून हा निर्णय कार्यकारिणीच्या सभेत घेऊन इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे राग एकट्या सचिवावर निघत नाही. सूत्रसंचालकाला मिनिटांसकट कार्यक्रमपत्रिका द्या आणि शेरोशायरीला प्रेमाने मनाई करा.

वाचलेल्या वेळात ‘नेतृत्व म्हणजे काय’ यावर भाषण ठेवणार असाल, तर मात्र उद्घाटनच लांबलेलं बरं! संचालकांना रोज अडतं ते द्या. समजा, अध्यक्षांच्या मेहुण्याचा कर्ज अर्ज आलाय. तारण अपुरं आहे, सभेत सगळे खाली मान घालून बसलेत आणि ठराव वाचला जातोय. पहिला कोण बोलणार, काय शब्दांत बोलणार आणि इतिवृत्तात काय नोंदवायचं? दहा-दहा जणांच्या गटांना हा प्रसंग द्या, पण एकाच संस्थेचे दोघे एका गटात बसवू नका, नाहीतर तोंडं उघडत नाहीत. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा कायद्यानेच राखीव आहेत. या भगिनी अनेक ठिकाणी सहीपुरत्याच असतात, म्हणून निम्म्या गटांची मांडणी त्यांच्याकडे सोपवा. खर्चावर कुणी बोट ठेवलं, तर सदस्यांचं सहकार शिक्षण आणि प्रशिक्षण ही तरतूद राज्याच्या सहकार कायद्यात कलम 24अ म्हणून आहे, हे दाखवा.

तारखेचंही पाहा. 31 मार्चची वर्षअखेर, मग लेखापरीक्षण, मग 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. तुमच्या क्षेत्राला नोव्हेंबर ते जानेवारी एवढेच महिने मोकळे मिळतात, त्यातही लग्नाच्या तिथी टाळायच्या.

प्रश्न : बचत गटांच्या आमच्या प्रभागसंघाने पदाधिकारी महिलांसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर ठरवलं. पण बायका रात्री राहायला तयार नाहीत. त्यांना कसं समजवावं? (प्रभागसंघ सचिव, यवतमाळ जिल्हा)

ताई, त्यांना समजवू नका, शिबिरातली रात्रच काढून टाका. घरी सासू आजारी असते, गोठ्यात जनावर असतं, लेकीची परीक्षा असते. घरच्यांशी भांडून आलेल्या बाईचं दिवसभर फोनकडेच लक्ष राहतं. दोन दिवस हवेत ना? मग पंधरवड्याच्या अंतराने दोन वेगवेगळे दिवस घ्या. मधल्या काळात प्रत्येकीने आपल्या गटात एक काम करून यायचं, आणि दुसरा दिवस त्यावरच बोलायचा. सलग दोन दिवसांपेक्षा यातून जास्त हाती लागतं, असं माझं मत आहे.

वेळ अकरा ते चार ठेवा, आणि चार म्हणजे चारच. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते डेपोत विचारून कार्यक्रम त्यावरून मागे आखत या. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासखर्च देताना तेवढाच धरा. आठवडी बाजाराचा दिवस नको आणि कापूस वेचणीचे दिवसही नकोत. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला आपण काय देणार आहोत, हा प्रश्न तारीख काढण्याआधीच स्वतःला विचारायचा.

लेकरांसाठी एक खोली, सतरंजी आणि दोन मुली ठेवा. संडास आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, बादली-मग आहे का. ‘सगळी सोय आहे’ या शिपायाच्या शब्दावर जाऊ नका.

आणि एक प्रसंग बसवाच. कर्जासाठी बँकेत गेलेल्या अध्यक्षांना मॅनेजर चौथ्यांदा ‘उद्या या’ म्हणतोय. मॅनेजर तुमच्यातलीच एखादी होऊ द्या. ती खुर्चीत अशी काही रेलून बसते, फोनवर असं काही बोलते, की सगळ्या खळखळून हसतात. त्यानंतर ‘लेखी कारण द्या, साहेब’ हे वाक्य प्रत्येकीकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.

प्रश्न : आमच्या युवा संघटनेचे साठ कार्यकर्ते जमणार आहेत. तीन नामवंत वक्ते बोलवावेत, की गटचर्चा घ्यावी? (पुणे)

एक वक्ता, पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ कार्यकर्त्यांचा.

अमेरिकेतले हॅरिसन ओवेन यांनी वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली होती. लोक खूश झाले, पण सगळ्यात आवडलं काय, तर कॉफीच्या वेळच्या गप्पा! मग 1985 मध्ये त्यांनी अख्खी परिषदच त्या गप्पांसारखी घेतली, आणि त्यातून ‘ओपन स्पेस’ ही पद्धत रुजली. खुर्च्या गोलात, मधे कोरे कागद आणि मार्कर. ज्याच्या डोक्यात विषय आहे त्याने तो लिहायचा, उभं राहून सांगायचा आणि भिंतीवरच्या वेळापत्रकात चिकटवायचा. चार कोपरे आणि तीन फेऱ्या धरल्या, तर बारा विषय बसतात. नियम महत्त्वाचा एकच : जिथे तुम्हाला काही मिळत नाही आणि तुम्ही काही देत नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जायचं. आपल्याकडे हे उद्धटपणाचं वाटतं. म्हणून सुरुवातीलाच संघटनेच्या अध्यक्षांनी सगळ्यांदेखत एका गटातून उठून जावं, मग बाकीच्यांची भीड चेपते.

विश्वस्तांनी निर्णय आधीच घेतलेला असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका. सरळ निर्णय सांगा आणि शंका विचारू द्या. आपल्याला फक्त बोलतं केलं गेलं, ऐकलं कुणी नाही, हे पोरांना लगेच कळतं.

प्रश्न : जेवणाची पानं किती सांगावीत? (कोल्हापूर)

केटरर कमीत कमी पानांची गॅरंटी मागतो. तेवढ्यांचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून नोंदणीच्या आकड्यापेक्षा थोडा कमी आकडा सांगा आणि वाढीव पानांचा दर आधीच ठरवून घ्या. दोन दिवस आधी प्रत्येकाला फोन केलात, तर अंदाज बराच जमतो. पण खरी अडचण रांगेची असते. एकाला ताट वाढून घ्यायला पंधरा सेकंद लागले, तर एका रांगेतून मिनिटाला चौघे सुटतात आणि दोनशे माणसांना पन्नास मिनिटं लागतात. टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घेऊ दिलं, तर पंचवीस. भात आणि ताक वेगळ्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : परिषदेत ठराव होतात, टाळ्या पडतात आणि पुढे काहीच घडत नाही. (एका शिक्षण संस्थेच्या मुख्याध्यापिका, लातूर)

आभारप्रदर्शनाच्या आधीची चाळीस मिनिटं राखून ठेवा. ही वेळ चहाच्या आधीची असू द्या, कारण चहानंतर माणसं पांगतात. प्रत्येक शाळेने एका कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या : काम, ते करणाऱ्या माणसाचं नाव आणि तारीख. ‘आम्ही सर्वजण प्रयत्न करू’ असं लिहिलेला कागद परत करा. कागदांचे फोटो त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका.

महिन्याने प्रत्येक शाळेला फोन जायला हवा. तो कोण करणार, ते परिषदेच्या आधीच ठरलेलं असावं, आणि ती व्यक्ती संस्थाचालकांपैकी नसावी, नाहीतर समोरून फक्त ‘सुरू आहे सर’ ऐकू येतं. या कामाचं मानधन परिषदेच्या अंदाजपत्रकातच धरून ठेवा. नंतर मागायला गेलात, तर खजिनदार म्हणतील, ‘परिषद तर केव्हाच झाली, मॅडम.’