वाचक विचारतात: पूल क्यूचं लाकूड

प्रश्न: घरी लेथवर पूल क्यूचा (पूल खेळायच्या काठीचा) बट, म्हणजे मागचा जाड भाग, करायचा आहे. बर्ड्सआय मेपलचा (डोळ्यासारख्या ठिपक्यांची नक्षी असलेल्या मेपल लाकडाचा) दीड इंची चौरस दांडा मागवला. दोन बाजूंवर ‘डोळे’ भरगच्च आहेत, उरलेल्या दोन्हींवर नुसत्या बारीक रेघा. फसवणूक झाली का? (पुणे)

नाही. डोळा पृष्ठभागावरचा ठिपका नसतो, तो सालीकडून झाडाच्या मध्याकडे आत गेलेला असतो. समोरून कापला की गोल दिसतो, आडवा कापला की रेघ. दांडा गोल केल्यावरही समोरासमोरच्या दोन बाजूंना डोळे आणि मधे रेघा, असंच राहणार. कर्ली, म्हणजे लहरदार नक्षीच्या, मेपलचं नेमकं उलट: त्याची लहर त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या बाजूवर उठून दिसते. म्हणून यापुढे चारही बाजूंचे आणि दोन्ही टोकांचे फोटो मागवा. टोकाला झाडाचा मध्यबिंदू दिसला तर तो दांडा घेऊ नका, आज ना उद्या तडकणारच. आणि लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, दांड्याच्या लांबीभर सरळ धावते का तेही बघा. तिरकी बाहेर पडत असेल तर नक्षी कितीही देखणी असो, बाक येतो.

प्रश्न: कोकोबोलो या जड लाकडाचा फोअरआर्म (बटचा पुढचा भाग) लावला आणि क्यू 22 औंसांवर गेला. पुढून जड लागतो. बटच्या टोकाचा बोल्ट काढूनही फरक नाही. (कोल्हापूर)

बोल्ट काढून तोल आणखी पुढे सरकला असणार. हिशेब असा: 12 इंची फोअरआर्मचा सरासरी व्यास 0.95 इंच धरला तर आकारमान साधारण 139 घन सेंमी. हार्ड मेपलचा भरेल 98 ग्रॅमच्या आसपास, कोकोबोलोचा 150च्या वर. म्हणजे जवळजवळ दोन औंस जादा, तेही पुढच्या हाताजवळ.

उपाय म्हणजे गाभा बदलणे. मधून पाच सुताचं, म्हणजे 16 मिमीचं आरपार भोक पाडून त्यात सरळ रेषेचा मेपलचा दांडा चिकटवायचा. सुमारे 24 ग्रॅम कमी होतात. सहा सुताचं पाडलं तर आणखी हलका होईल, पण जोडाजवळ (बटला पुढची बारीक दांडी बसते तिथे) व्यास 21.5 मिमीच असतो; भिंत जेमतेम सव्वा मिमी उरते. तो मोह नको. शिवाय तयार टेपरवर, म्हणजे निमुळत्या केलेल्या दांड्यावर, हा उद्योग करू नका; पुढच्या वेळी भोक आधी, टेपर नंतर.

लांब ड्रिल भरकटतं. दोन्ही टोकांकडून अर्धं-अर्धं पाडा, इंच-इंचाला बाहेर काढून भुसा झाडा. गाभ्याचा दांडा भोकापेक्षा 0.1 ते 0.15 मिमी बारीक ठेवा आणि त्यावर लांबीभर एक उथळ खाच मारा. खाच नसेल तर आत कोंडलेली हवा गोंद मागे ढकलते, पोकळी राहते आणि शॉट मारला की क्यू झणझणतो. लोक जोडाची पिन (दोन भाग जोडणारा स्क्रू) बदलत बसतात, दोष मात्र आत असतो. कोकोबोलो तेलकट असल्याने भोक अ‍ॅसिटोनने पुसून लगेच गोंद लावा. तासाभराने तेल पुन्हा वर येतं. गोंद सावकाश वाळणारा इपॉक्सी, पाच मिनिटांत घट्ट होणारा नाही. लेथवर मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच, या भुशाने अनेकांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते.

प्रश्न: अंबोयना बर्लला गाभा न घालता चाललं तर? (नाशिक)

चालणार नाही. गाठीच्या लाकडात रेषा कुठल्याच एका दिशेला नसते, पिन आवळतानाच चीर जाईल. बर्ल हे कवच समजा.

प्रश्न: मे महिन्यात वळवलेला दांडा ऑगस्टमध्ये वाकला. (रत्नागिरी)

एका दमात बारीक केला असावा. आधी दीड इंचाचा गोल करा, टोकांना मेण लावा आणि हुकाला उभा टांगा. भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. मग दर चार ते सहा आठवड्यांनी अर्धा सूतच काढा, दरवेळी टोकांच्या त्याच मध्यखुणांवर (सेंटरवर) धरून. फिरवताना मधे डुलत असेल तर कापून सरळ करा आणि पुन्हा टांगा. दाबून, शेकून सरळ केलेला दांडा परत वाकतो. कोकणात शेवटचे दोन कट पावसाळ्यानंतर घ्यावेत.

प्रश्न: आपल्याकडचं शिसव चालेल? क्यू परदेशी भावाला पाठवायचा आहे. (ठाणे)

उत्तम चालेल, कोकोबोलोपेक्षा हलकं आहे आणि सहसा गाभ्याशिवाय निभतं. छिद्रं मात्र फिनिशआधी भरून घ्या. शिसव आणि कोकोबोलो एकाच वंशातले. तो सगळा डॅल्बर्जिया वंश (पहिल्या परिशिष्टातलं ब्राझिलियन रोझवूड सोडून) 2 जानेवारी 2017पासून साइटिसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2019च्या बदलानंतर तयार वस्तूंना दर पाठवणीत 10 किलो लाकडापर्यंत सूट मिळते, कच्च्या दांड्याला नाही. भावाला क्यू पाठवा. त्याच्याकडून कोकोबोलोचे दांडे मागवणार असाल तर आधी निर्यात परवाना विचारा.