वाचकांचे प्रश्न : कालव्याकाठचे सॉल्टेअर

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडमध्ये लीड्सला जाणार आहोत. जवळच्या सॉल्टेअर या गिरणगावासाठी एक दिवस राखून ठेवावा का?

उत्तर : अवश्य ठेवावा. लीड्स-लिव्हरपूल कालवा, एअर नदी आणि लोहमार्ग जिथे शेजारी येतात, तिथे लोकरीचे व्यापारी टायटस सॉल्ट यांनी 1853 मध्ये अल्पाका (दक्षिण अमेरिकेतील उंटवर्गीय प्राणी) लोकरीची प्रचंड गिरणी सुरू केली आणि जवळच्या ब्रॅडफर्ड शहराच्या धुराने भरलेल्या वस्तीतून कामगारांना बाहेर काढून त्यांच्यासाठी सुमारे 800 घरे, शाळा, रुग्णालय, चर्च आणि बागही उभारली. दारूचा गुत्ता मात्र त्यांनी गावात येऊ दिला नाही. मालकाची माया आणि मालकाची शिस्त इथे एकत्रच नांदत होती. गल्ल्यांना त्यांनी आपल्या मुलाबाळांची नावे दिली, यावरूनही त्यांचा स्वभाव कळतो.

गिरणी 1986 मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी उद्योजक जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली. आता तिथे इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रे, पुस्तकांचे दुकान आणि उपाहारगृहे आहेत. 2001 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. घरांत लोक राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नये.

पाय साथ देत असतील, तर कालव्याच्या काठाने बिंगली गावापर्यंत चालत जावे, कारण तिथली 1774 मध्ये खुली झालेली, नावांना सुमारे 18 मीटर चढवणारी पाच जलपाशांची (पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांची) सलग रांग आजही वापरात आहे आणि माझ्या मते गिरणीइतकीच पाहण्याजोगी आहे.