आयटीएस ९७ टक्के जुळलं, म्हणजे बुरशीची नवीन प्रजाती मिळाली का?

काजूच्या बागेतल्या मातीतून पेनिसिलियम (बुरशीचा एक वंश) मिळालं, ब्लास्टमध्ये, म्हणजे डीएनए डेटाबेसशी ताडून पाहणाऱ्या साधनात, त्याचं आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) ९७ टक्क्यांच्या पुढे जुळेना, आता ही नवीन प्रजाती म्हणून प्रसिद्ध करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईलही. पण तो आकडा तूर्तास बाजूला ठेवा. पेनिसिलियममध्ये दोन वेगळ्या प्रजातींचं आयटीएस अगदी तंतोतंत सारखं निघू शकतं, आणि डेटाबेसमधल्या कितीतरी सिक्वेन्सना चुकीची नावं चिकटलेली असतात. टक्केवारी फक्त कुठल्या घराण्यात शोधायचं ते सांगते. बीटा-ट्युब्युलिन या जनुकाचं सिक्वेन्सिंग करून घ्या, जमलं तर कॅल्मोड्युलिन आणि आरपीबी२ या जनुकांचंही. तुलना करायची ती जवळच्या प्रजातींच्या टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे ज्या कल्चरवर त्या प्रजातीचं नाव बेतलंय त्याच्याशी. सिक्वेन्सवरून काढलेल्या वंशवृक्षावर तुमची फांदी स्वतंत्र निघाली की मग पुढचं बोलू.

आता प्लेटकडे या. खरं काम इथे आहे आणि याच कामात लोक घाई करतात. सीवायए आणि एमईए ही बुरशी वाढवायची दोन माध्यमं, दोन्हींवर बुरशीचे तीन-तीन ठिपके लावा, २५ अंशांवर सात दिवस अंधारात ठेवा. एक सीवायए प्लेट ३७ अंशांवरही ठेवा. तिथे वाढ झाली नाही तर तीही नोंद आहे. वसाहतीचा व्यास मोजा, कडा पाहा, वर घामासारखे थेंब आलेत का आणि त्यांचा रंग कोणता ते लिहा. मग प्लेट उलटी करून मागचा रंग बघा. तो हमखास लिहायचा राहतो, आणि दोन जवळच्या प्रजाती कधी कधी तिथेच वेगळ्या पडतात. स्लाइड एमईएवरच्या वाढीची करा. कोनिडिया (बुरशीचे बीजाणू) इतके असतात की ते धरणाऱ्या फांद्यांचा खालचा ब्रश दिसतच नाही; ७० टक्के अल्कोहोलच्या एका थेंबाने जादाचे धुऊन काढा, की फांद्या मोकळ्या दिसतात. मापं दोन-चार कोनिडियांची नकोत, तीस-पन्नास तरी घ्या.

एकाच आयसोलेटवर, म्हणजे मातीतून वेगळ्या काढलेल्या एकाच कल्चरवर, प्रजाती मांडता येते, नियम आड येत नाही. तरी मी म्हणेन, पुन्हा त्या बागेत जा आणि आणखी दोन-तीन ठिकाणची माती आणा. एका आयसोलेटवरून त्या प्रजातीत फरक किती चालतो ते कळत नाही.

कल्चर मात्र आजच जपून ठेवा. माझं एक चांगलं आयसोलेट मी वर्षभर स्लँटवरून (तिरप्या माध्यमाच्या नळीवरून) स्लँटवर नेत राहिलो, आणि शेवटी त्याला कोनिडिया येणंच थांबलं. पांढरा कापूस तेवढा उरला. वर्णन अर्धवट राहिलं ते राहिलंच, अजून मनाला लागतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे आणि आजरेकर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही आहे. जिवंत कल्चर संग्रहात द्या, वाळवलेलं हर्बेरियममध्ये. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव बेतलेलं असतं तो, जिवंत चालत नाही. तो वाळवलेला किंवा कायमचा निष्क्रिय अवस्थेत ठेवलेला लागतो. होलोटाइप एकच, एकाच संस्थेत, आणि लेखात तो शब्द स्पष्ट लिहिलेला हवा. एवढ्या एका चुकीने नाव अवैध ठरतं. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना नियुक्त संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे.

लॅटिनची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजी वर्णन चालतं. २०१३ पासून मात्र मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांक लेखात असल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. तो लेख छापायच्या आधीच मिळतो.

नावाबद्दल तुम्ही 'कोकणेन्सिस' सुचवलंय. कोकणचं नाव द्यायची इच्छा मला मनापासून आवडली. पण लॅटिनमध्ये पेनिसिलियम नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'कोकणेन्से' करा. ॲस्परजिलस असतं तर 'कोकणेन्सिस' बरोबर होतं.